धर्मग्रंथ आणि वीरधर्म गावात एकत्र कसे वाचावेत

विदर्भातील खेड्यांत सामूहिक वाचनाची परंपरा जुनी आहे. चातुर्मासात कुणाच्या तरी घरी पोथी लागते, आषाढी पौर्णिमेपासून बुद्धविहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जोडून ग्रामगीतेतील ओव्या वाचल्या जातात, आणि मशिदीत व चर्चमध्येही आपापल्या ग्रंथांचे पठण नेमाने होते. या सर्व ठिकाणी सत्य, दान, क्षमा आणि संयम यांविषयीच बोलले जाते. परंतु एका ठिकाणचा श्रोता दुसऱ्या ठिकाणी सहसा जात नाही, आणि गावातील तरुण बहुधा यांपैकी कुठेच बसत नाहीत. त्यांना ओढ असते ती शौर्याची, गडकिल्ल्यांची, लढाईची. धर्मग्रंथांतील सद्गुण आणि शूरांच्या आचारसंहिता एकाच बैठकीत वाचल्या, तर वडीलधारी मंडळी व तरुण दोघेही बसतात, आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे एकमेकांच्या ग्रंथांजवळ आदराने येतात. असा अभ्यासगट कसा चालवावा, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

अभ्यासगट ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजवली, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालवले. तेथील रीतीतून एक गोष्ट अवश्य उचलावी: अभ्यासगटात कोणताही ठराव करायचा नसतो, त्यामुळे तेथे कुणी हरत नाही.

बैठकीची मांडणी

आठ ते बारा माणसे पुरेत. त्यांत स्त्रिया असाव्यात, आणि त्या मागच्या रांगेत बसणार नाहीत अशी बसण्याची सोय गोलाकार करावी. जागा शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह अशी असावी. देऊळ, विहार किंवा दर्गा यांपैकी एक ठिकाण निवडले की उरलेल्यांना पाहुण्यासारखे बसावे लागते. काळ पावसाळ्याचा उत्तम, कारण वर्षावास आणि चातुर्मास दोन्ही त्याच सुमारास येतात व वाचनाचे वातावरण आपोआप असते. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात आषाढी पौर्णिमेनंतर आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून सोयाबीनच्या कापणीपूर्वी थांबावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मात्र रोवणी उरकल्याशिवाय कुणाला वेळ होत नाही, म्हणून तेथे उशिरा सुरुवात करावी. मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज, सामुदायिक प्रार्थना आणि विहारातील वंदना यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

गोंड, माडिया, कोलाम यांच्यासारख्या समाजांचे नीतिविचार प्रामुख्याने मौखिक परंपरेत आहेत. अशा समाजातील जाणत्या माणसाला उतारा नसला तरी तेवढाच वेळ द्यावा. कुळाचे देवक असलेल्या प्राण्याला किंवा झाडाला इजा न करण्याची रीत का पाळली जाते, हे त्याच्या तोंडून ऐकणे कोणत्याही पानाइतकेच मोलाचे असते.

याद्यांपासून सुरुवात करू नये

बहुतेक जण येथेच अडकतात. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीचे २६ गुण, बौद्धांचे पंचशील आणि दहा पारमिता, जैनांची पाच अणुव्रते, बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सांगितलेली आत्म्याची नऊ फळे, सेवाग्रामच्या प्रार्थनेतील गांधीजींची एकादश व्रते, हे सारे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की सगळे माना डोलावतात. सत्य सर्वांत आहे, दया सर्वांत आहे, सर्व धर्म एकच सांगतात, असे म्हणून चहा होतो आणि बैठक संपते. त्या संध्याकाळी कुणाच्याही वागण्याला धक्का लागलेला नसतो. सद्गुणाच्या नावाला कुणाचीच हरकत नसते. तो कुणासाठी, कोणत्या वेळी आणि किती तोटा सोसून पाळायचा, येथे खरी कसोटी असते.

म्हणून प्रत्येक बैठक एका प्रसंगाने सुरू करावी, आणि सर्व बैठकांमधून एकच प्रश्न धरून ठेवावा: बळ आपल्या हाती असताना, जो आपल्या तावडीत सापडला आहे त्याच्याशी कसे वागावे? शरण आलेला, निःशस्त्र झालेला शत्रू, अनाथ, विधवा, वाटसरू, मजूर ही सगळी माणसे या प्रश्नात येतात. धर्मग्रंथ आणि वीरधर्म यांची खरी भेट याच ठिकाणी होते, असे मला वाटते, कारण धर्म जे दुर्बळाच्या बाजूने सांगतो तेच वीरधर्म सबळाला बजावतो.

पहिल्या बैठकीसाठी आपल्याच मातीतील प्रसंग घ्यावा. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ज्या लीळा संकलित केल्या, त्यांत सशाची लीळा आहे. शिकारी मागे लागलेला ससा महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी यांच्या आश्रयाला येतो. शिकारी येऊन ससा मागतात, आणि स्वामी त्यांना न झिडकारता, पण ससाही न देता, शरण आलेल्याला मरण नसते असे समजावतात; शेवटी शिकारी निघून जातात. याला जोडून महाभारतातील शिबी राजा व कबुतराची कथा आणि कुराणातील नवव्या सूरेची (अध्यायाची) सहावी आयत (वचन) वाचावी. त्या आयतीत विरुद्ध पक्षातील कुणी आश्रय मागितला तर तो द्यावा, त्याला ईश्वराची वाणी ऐकू द्यावी आणि नंतर त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, अशी आज्ञा आहे. ती सूरा युद्धाच्या संदर्भातील आहे हेही सांगावे, कारण त्यामुळेच त्या आज्ञेचे वजन कळते. या बैठकीत कुणाचाही अपमान होण्याचा धोका नसतो, आणि दुसऱ्याच्या ग्रंथातील ओळी मोठ्याने वाचण्याची सवय होते.

शेतकऱ्याचे धान्य आणि सैनिकाचा हात

दुसरी बैठक माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असते, आणि शेतकऱ्यांच्या गावात ती सर्वांत चांगली रंगते. तिला दोन संध्याकाळी द्याव्या लागल्या तरी चालेल.

प्रथम ९८९ साली फ्रान्समधील शारू येथे भरलेल्या धर्मसभेचा ठराव सांगावा. त्या काळी घोडेस्वार सरदार व त्यांचे शिपाई शेजारच्या मुलखात लूटमार करत, आणि त्यात शेतकरी भरडला जाई. राजसत्ता दुबळी होती. तेव्हा धर्मगुरूंनी एकत्र येऊन जाहीर केले की, जो चर्च लुटेल, जो शेतकऱ्यांची किंवा गरिबांची मेंढरे, बैल, गाढवे, गाई, शेळ्या, डुकरे पळवील आणि जो शस्त्र न बाळगणाऱ्या धर्मसेवकावर हात टाकील, तो बहिष्कृत समजला जाईल. युरोपातील सरदारांच्या आदर्शाची चर्चा बहुधा तलवारी व चिलखतांपासून सुरू होते; आपण ती बैल आणि शेळ्यांपासून सुरू करावी. शस्त्रधाऱ्याच्या बळाला धर्माने घातलेल्या ज्या मर्यादांतून पुढे त्या आदर्शाला आकार आला, त्यांतील ही एक आरंभीची मर्यादा आहे.

त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांचे पत्र घ्यावे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण परिसरात छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. ते शक्य तर मूळ शब्दांत, सावकाश आणि एखाद्या तरुणाकडून वाचून घ्यावे. दाणा-वैरण आताच बेहिशेब उडवली तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी उचलू लागतील. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. हवे ते बाजारातून विकत आणावे, कुणावर जुलूम करू नये, अशी त्यात आज्ञा आहे. याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असाही इशारा आहे.

या उंदराच्या वातीपाशी गटाने थांबावे. ज्याने कधी कुटाराच्या ढिगाला आग लागलेली पाहिली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. राज्य उभारणारा माणूस दिव्याच्या वातीपर्यंत का उतरतो, हा प्रश्न विचारावा. माझे उत्तर असे की, दया हा सद्गुण मनातच राहिला तर त्याचा शेतकऱ्याला उपयोग नसतो. तो साठवणुकीत, हिशेबात, खरेदीत आणि दिवा विझवण्यात उतरावा लागतो. गटातील माणसांना वेगळे उत्तर सुचेल, तेही लिहून ठेवावे. मग दोन्ही लेख शेजारी ठेवून फरकही पाहावा: एकीकडे धर्मसभा बाहेरून सरदारांना बजावते आहे, दुसरीकडे सत्ताधारी स्वतःच आपल्या माणसांना आवरतो आहे. यांपैकी कोणता उपाय अधिक टिकतो, यावर होणारी चर्चा आजच्या गावकारभारापर्यंत सहज येऊन पोहोचते.

विरोधकाची साक्ष काढावी

आपल्या वीराचे गुण आपण गावेत यात विशेष काही नाही. म्हणून प्रत्येक वीरपुरुषासाठी त्याच्या विरोधकाची साक्ष शोधावी. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. शिवाजी महाराजांविषयी त्याने कठोर शब्द वापरले आहेत. तरीही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर ती ते आपल्या मुसलमान माणसांकडे आदराने सोपवीत, असे त्यानेच नोंदवले आहे. त्याचप्रमाणे ११८७ साली जेरुसलेम घेणाऱ्या सुलतान सलाउद्दीनला इटलीच्या दान्ते या ख्रिस्ती महाकवीने नरकयातनांपासून दूर, सद्गुणी अन्यधर्मीयांच्या पंक्तीत बसवले. १०९९ साली क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने त्याच शहरात मोठी कत्तल केली होती; सलाउद्दीनने मात्र शरणागती स्वीकारली आणि पुरुषामागे १० व स्त्रीमागे ५ दिनार खंडणी घेऊन रहिवाशांना जाऊ दिले. ज्यांना ती भरता आली नाही अशांपैकी अनेकांना सोडले गेले, तरी बरेच जण गुलामगिरीत गेले. त्याच वर्षी हत्तीनच्या लढाईनंतर पकडलेल्या टेम्पलर व हॉस्पिटलर या ख्रिस्ती लढाऊ संघांच्या योद्ध्यांना त्याने ठार करवले, हेही सांगितलेच पाहिजे. एखाद्या माणसाला पूर्ण निर्मळ ठरवण्याच्या नादात गट खोटेपणाकडे झुकतो.

सद्गुणांच्या तयार याद्यांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. मोबाइलवर फिरणाऱ्या "सरदारांच्या दहा आज्ञा" मध्ययुगीन युरोपातील कोणत्याही शपथेत तशा मिळत नाहीत. लेआँ गोतिए या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात जुन्या काव्यांवरून केलेला तो सारांश आहे. जपानच्या सामुराई योद्ध्यांच्या गुणांची जी मांडणी जगभर परिचित आहे, ती मुख्यतः इनाझो नितोबे यांच्या १९०० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे; आणि नितोबे स्वतः ख्रिस्ती क्वेकर पंथाचे होते. यामुळे या याद्या निरुपयोगी ठरत नाहीत, पण त्या कुणी, केव्हा आणि कुणासाठी लिहिल्या हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे.

नियम मोडले गेले त्याचे काय

एक बैठक अपयशासाठी राखून ठेवावी, आणि ती टाळू नये. महाभारताच्या भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष युद्धाचे नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढावे, पाठ फिरवलेल्यावर, निःशस्त्रावर, सारथ्यावर किंवा शंख-नगारे वाजवणाऱ्यावर प्रहार करू नये. पुढे अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले, रथाचे चाक काढत असलेल्या कर्णावर बाण सोडला गेला, आणि शेवटी झोपलेल्या छावणीत कत्तल झाली. ज्या ग्रंथात हे नियम आहेत त्याच ग्रंथात एकलव्याचा अंगठाही मागितला जातो. युरोपातही १३५८ साली फ्रान्समधील शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा विधवा-अनाथांच्या रक्षणाच्या गोष्टी सांगणाऱ्या वर्गानेच तो अत्यंत निर्दयपणे चिरडला. वीरधर्म अनेकदा आपल्या बरोबरीच्यांपुरताच राहिला, ही गोष्ट विहारातून आलेल्या किंवा आदिवासी पाड्यावरून आलेल्या सदस्याला सांगावी लागत नाही. ती त्याने सांगितली तर बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकून घ्यावी.

या बैठकीसाठी एक नियम फार उपयोगी पडतो: दोष दाखवायचा तो आपल्या ग्रंथातला किंवा आपल्या परंपरेतला, आणि गुण दाखवायचा तो दुसऱ्याच्या. सुरुवातीला हा नियम अवघड वाटतो. परंतु एकाने मनापासून तो पाळला की दुसऱ्याला स्वतःचा बचाव करण्याची गरज राहत नाही, आणि बोलणे मोकळे होते. ज्या ग्रंथाने गटातील कुणाच्या पूर्वजांना माणूस म्हणून नाकारले असेल, तो ग्रंथ सद्गुणांचा आधार म्हणून पुढे ठेवू नये. त्यात चांगली वचने असली तरी नाही.

शत्रू, द्वेष आणि नम्रता

यानंतरच्या बैठका कठीण सद्गुणांकडे न्याव्यात. एखाद्या समूहाविषयीच्या द्वेषाने तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, न्यायच करा, ही कुराणातील पाचव्या सूरेची आठवी आयत. वैराने वैर शमत नाही, हे धम्मपदातील वचन. शत्रूंवर प्रेम करा, हा मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील उपदेश. हे तीन उतारे एकत्र वाचावेत, पण ते एकच सांगतात असे म्हणू नये. पहिला न्यायापुरती मागणी करतो, दुसरा वैराचा स्वभाव सांगतो, तिसरा प्रेमापर्यंत जातो. हा फरक नीट पाहिला तरच तिघांचाही मान राहतो. सोबत भाई कन्हैया यांची कथा घ्यावी. अठराव्या शतकाच्या आरंभी आनंदपूरच्या लढाईत ते जखमी शत्रूंनाही पाणी पाजत, अशी तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली. मला सर्वांत तुमचेच रूप दिसते, असे त्यांनी सांगितले, तेव्हा गुरूंनी त्यांना मलमही दिले, असे शीख परंपरा सांगते.

नम्रतेसाठी पवनारच्या विनोबांचा आधार घ्यावा. गीतेतील दैवी गुणांच्या मांडणीत अभय सर्वांत पुढे आणि नम्रता सर्वांत शेवटी का आहे, हे सांगताना त्यांनी गुणांच्या सेनेत अभय आघाडीला आणि नम्रता पिछाडीला उभी असल्याचे म्हटले आहे. शौर्यावर भाळलेल्या तरुणांना ही मांडणी लवकर भिडते. विनोबांनी केलेली कुराण-सार आणि ख्रिस्तधर्म-सार ही संकलने गटाजवळ असावीत, कारण त्यांत उतारे निवडण्याचे कष्ट आधीच घेतलेले आहेत.

गावातील प्रसंगाकडे वळताना

प्रत्येक बैठकीचा शेवटचा अर्धा तास गावाच्या व्यवहारासाठी ठेवावा, परंतु चालू भांडण नावानिशी घेऊ नये. त्यासाठी तंटामुक्त समिती आहे. कल्पित प्रसंग मांडावा. उदाहरणार्थ, ट्रॅक्टरने नांगरताना एकाने धुरा (बांध) दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत सरकवला आहे. शेजारचे वावर एका विधवेचे आहे, मुलगा पुण्याला कामाला आहे, मोजणी आणायला तिच्याकडे पैसे नाहीत, आणि धुरा सरकवणारा माणूस गावात वजनदार आहे. आता गटातील प्रत्येकाने आपण ती विधवा आहोत असे न समजता, आपण तो वजनदार माणूस आहोत असे समजून बोलावे. मी दोन तास परत देईन, एवढे म्हणून कुणी सुटू नये. कुणादेखत देईन, मागच्या हंगामाच्या पिकाचे काय करीन, ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या वर्षी काय सांगीन, हे विचारत जावे. निंदणाची व वेचणीची मजुरी वेळेवर देणे, विहिरीच्या पाण्याची पाळी, बाहेरून आलेल्या मजुरांना राहायला जागा, असे प्रसंगही याच पद्धतीने घेता येतात.

बैठक कशी मिटवावी, यासाठी रामोन लुल या स्पेनजवळच्या मायोर्का बेटावरील विद्वानाचे उदाहरण घेता येते. तेराव्या शतकात त्याने सरदारांच्या कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात विधवा, अनाथ व दुर्बळ यांच्या रक्षणाची जबाबदारी सांगितली. आणि त्यानेच दुसऱ्या ग्रंथात एक ज्यू, एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान अशा तीन ज्ञानी पुरुषांचा, सत्य शोधणाऱ्या एका चौथ्या माणसासमोरचा संवाद रंगवला. त्या संवादाच्या शेवटी ऐकणारा तो चौथा माणूस कोणता धर्म निवडतो हे तिघेही जाणून घेत नाहीत; बोलताना काही उणे-अधिक झाले असेल तर एकमेकांची क्षमा मागतात आणि पुन्हा भेटून चर्चा चालू ठेवण्याचे ठरवतात. आपल्याकडे जैन बांधव पर्युषणाच्या शेवटी क्षमायाचना करतातच. गटानेही दर बैठकीअखेर हे करावे, आणि कोणता धर्म श्रेष्ठ हा प्रश्न कधीही मतास टाकू नये. निवडणुकीच्या दिवसांत बैठका सरळ पुढे ढकलाव्यात. त्या काळात दुसऱ्याच्या चांगुलपणाविषयी बोललेले वाक्यही प्रचार म्हणून ऐकले जाते.

वाचलेले उतारे, ते कुठून घेतले, आणि त्यांवर निघालेले मतभेद एका वहीत उतरवून ठेवावेत. लिहिण्याचे काम दर वेळी वेगळ्या माणसाने करावे, आणि वही शाळेत ठेवावी, म्हणजे जे बैठकीला आले नाहीत त्यांनाही ती चाळता येईल.